तामिर गुडमन : शनिवारी न खेळणारा 'ज्यूइश जॉर्डन'

पिंपळपार (गुरुवार, रात्री ९:४०)

गेल्या महिन्यात लेकाच्या शाळेची बास्केटबॉलची मॅच बघायला गेलो होतो. आम्ही बाल्टिमोरच्या बाहेर ओविंग्ज मिल्सला राहतो. समोरच्या संघातल्या एका पोराच्या डोक्यावर किप्पा होती, म्हणजे ज्यू पुरुष घालतात ती छोटी गोल टोपी. पोरगं उडी मारायचं आणि मला वाटायचं, आता पडते की मग पडते. शेवटपर्यंत पडली नाही. शेजारी बसलेल्या आजोबांना मी हे बोलून दाखवलं, तर ते हसले आणि म्हणाले, मग तू तामिरला बघायला हवं होतंस.

घरी येऊन तामिरबद्दल मिळेल ते वाचून काढलं. इथे क्रीडाप्रेमी बरेच आहेत, म्हणून लिहितोय.

तामिर गुडमन. जन्म जानेवारी १९८२, बाल्टिमोर. कर्मठ (ऑर्थोडॉक्स) ज्यू घर, वडील वकील, आई इस्रायलची, भावंडं एकूण नऊ. शाळा 'टाल्मुडिकल अकॅडमी', फक्त मुलग्यांची. तिथे अर्धा दिवस तोरा आणि तालमूद (ज्यूंचे धर्मग्रंथ), उरलेला अर्धा दिवस गणित-इंग्रजी-विज्ञान, आणि त्यानंतर वेळ उरला तर खेळ. अशा शाळेतून कॉलेजच्या मोठ्या संघांनी हेरावा असा खेळाडू निघेल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

हा निघाला. उंची सव्वासहा फूट, डंक करायचा (म्हणजे उडी मारून चेंडू वरून कड्यात कोंबायचा), आणि त्याहून भारी म्हणजे पास द्यायचा. अकरावीत असताना, १९९८-९९ च्या मोसमात, सामन्यागणिक त्याची सरासरी ३५.४ गुणांची होती. देशभरातल्या शाळकरी खेळाडूंच्या यादीत त्याचं नाव पंचविसावं आलं. मायकेल जॉर्डन जानेवारी १९९९ मध्ये निवृत्त झाला आणि पुढच्याच महिन्यात 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड' या अमेरिकन क्रीडा साप्ताहिकाने या पोरावर लेख छापून त्याला 'ज्यूइश जॉर्डन' करून टाकलं. वय वर्षं सतरा! मुलाखतीसाठी आठवड्याला सातशे निरोप येत, असं सांगतात.

मेरीलँड विद्यापीठाने पूर्ण शिष्यवृत्ती देऊ केली आणि त्याने जानेवारीत होकारही दिला. तो होकार नुसता तोंडी होता, सही नोव्हेंबरात व्हायची होती. अडचण एकच. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी रात्री तीन चांदण्या दिसेपर्यंत शब्बाथ असतो, आणि त्या वेळात तो खेळणार नव्हता. कॉलेजचे सामने तर शनिवारीच जास्त. सप्टेंबर १९९९ मध्ये हे लग्न मोडलं.

तुमचा मुलगा असता तर तुम्ही काय सांगितलं असतंत? मी माझ्याबद्दल प्रामाणिकपणे सांगतो. मी म्हटलं असतं, "बाळा, देव समजून घेईल, शिष्यवृत्ती घे."

---

तिखटमीठ (गुरुवार, रात्री १०:०२)

आमच्या घरी शनिवारी मारुतीला तेल असतं, पण त्यापायी कुणी शिष्यवृत्ती सोडलेली नाही. मुळात मिळालीच नव्हती म्हणा. वाचतोय.

---

खडूस_काका (गुरुवार, रात्री १०:३१)

पिंपळपार, लेख छान. पण जरा हवा काढतो, राग मानू नका.

३५ गुण कुणाविरुद्ध? धार्मिक शाळांच्या छोट्या लीगमध्ये. समोरच्या पाच जणांत सहा फुटांचं पोर एखादंच. आमच्या तालुक्याच्या स्पर्धेत शतक ठोकणारे पुष्कळ बघितलेत, रणजीच्या नेट्समध्ये त्यांचं काय होतं तेही बघितलंय. मेरीलँड म्हणजे तेव्हाच्या अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स या विद्यापीठांच्या गटातला संघ, ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलायनाशी भिडणारा. पोरगा त्या तोडीचा आहे का, अशी कुजबुज तेव्हाच्या वर्तमानपत्रांतही होती. तो ज्यू नसता तर साप्ताहिकाने लेख छापला असता का, याचं उत्तर द्या.

---

नागपाड्याचा_गार्ड (गुरुवार, रात्री ११:१५)

काका, निम्मं पटलं.

मी नागपाडा नेबरहूड हाउसच्या कोर्टवर वाढलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, मुंबईच्या बास्केटबॉलची पंढरी तीच. बाजूला मस्तान वायएमसीए. तिथे शिकलेली पहिली गोष्ट म्हणजे गुण मोजू नयेत, पोरगा चेंडू नसताना काय करतो ते बघावं. दुबळ्या लीगमध्येही कळतं. समोर कमजोर माणूस असेल तर कोणीही रिंगपर्यंत पोहोचतं. पण दोघे-तिघे अंगावर आल्यावर डोकं वर ठेवून मोकळा गडी शोधणं, हे समोर कोण आहे त्यावर ठरत नाही. सगळ्यांनी नाव घेतलंय ते गुडमनच्या पासिंगचं. कॉलेजात तो पॉइंट गार्डच झाला, म्हणजे संघाला खेळवणारा. गुण लुटणारा नव्हे.

'जॉर्डन' हे नाव मात्र त्या पोरावर अन्यायच. सतराव्या वर्षी गळ्यात ही पाटी अडकवायची आणि मग पुढची दहा वर्षं लोकांनी मोजत बसायचं, जॉर्डनपेक्षा किती कमी. आपल्याकडे दर दोन वर्षांनी नवा सचिन सापडतो, त्यातले किती आठवतात?

---

मृदुला_वि (शुक्रवार, सकाळी ७:५०)

मला खेळातलं ओ की ठो कळत नाही, तरी शंका विचारते. शनिवारी रात्री चांदण्या दिसल्यावर चालत असेल, तर सामना रात्री ठेवायला काय हरकत होती?

---

पिंपळपार (शुक्रवार, सकाळी ८:२०)

मृदुलाताई, शंका बरोबर आहे. जानेवारीत इथे पाचच्या सुमाराला सूर्य मावळतो, त्यामुळे शनिवारी रात्री आठचा सामना चाललाच असता. पण दुपारी दोनचा सामना टीव्हीला हवा असतो आणि वेळ टीव्हीवाले ठरवतात. शुक्रवारी रात्रीचा प्रश्नच नाही.

शिवाय बाहेरगावचे सामने. शब्बाथला गाडीत बसता येत नाही. म्हणजे शुक्रवारी सूर्यास्ताच्या आत त्या गावात पोहोचायचं, हॉटेल कोर्टपासून चालत जाण्याजोगं हवं, जेवण कोशर, म्हणजे ज्यू धर्मनियमांत बसणारं हवं. हे सगळं एका नवख्या खेळाडूसाठी. आणि कॉन्फरन्सची बाद फेरी शुक्रवार-शनिवार-रविवारला लागून असते.

---

शून्यप्रहर (शुक्रवार, सकाळी ९:०५)

'एका खेळाडूसाठी' हे शब्द महत्त्वाचे आहेत.

युटामधलं ब्रिगहॅम यंग विद्यापीठ हे मॉर्मन पंथाचं. त्यांचे संघ रविवारी खेळत नाहीत म्हणजे नाहीत. राष्ट्रीय स्पर्धेची सोडत काढताना त्यांना रविवारचा सामना येणार नाही अशी मांडणी करावी लागते, आणि ती केली जाते. म्हणजे वेळापत्रक वाकत नाही असं नाही. विद्यापीठाने अट घातली की तो नियम होतो, सतरा वर्षांच्या पोराने घातली की हट्ट ठरतो.

पिंपळपार यांना ती टोपी पडेल अशी धास्ती वाटत होती, त्यावर अमेरिकेत खटला झालाय! इलिनॉय राज्यातल्या शालेय क्रीडा संघटनेचा नियम होता की बास्केटबॉल खेळताना डोक्यावर काही नको. टोपी खाली पडली, कुणाचा पाय घसरला तर काय, हे कारण. शिकागोच्या ज्यू शाळांमधली मुलं किप्पा केसांच्या पिनांनी अडकवून खेळायची. प्रकरण कोर्टात गेलं. १९८२ मध्ये अपिलाच्या निकालात न्यायमूर्ती पोझनर यांनी जे सांगितलं त्याचा आशय असा : डोकं झाकावं एवढंच धर्म सांगतो, पिनेनेच अडकवा असं सांगत नाही. तेव्हा पक्की बसेल अशी दुसरी टोपी सुचवा. भांडण धर्म विरुद्ध सुरक्षितता असं राहिलंच नाही, पिनेवर येऊन ठेपलं. तामिरचा जन्मही त्याच वर्षीचा, हे आता लक्षात आलं.

---

खडूस_काका (शुक्रवार, सकाळी ९:४०)

ब्रिगहॅम यंगचं उदाहरण बिनतोड. मान्य. पण हे मान्य केलं म्हणून पोरगा ड्यूकविरुद्ध चालला असता हे सिद्ध होत नाही.

---

गोदाकाठ (शुक्रवार, सकाळी १०:१०)

एरिक लिडेल आठवला. १९२४ चं पॅरिस ऑलिंपिक, १०० मीटरची प्राथमिक फेरी रविवारी, म्हणून तो धावलाच नाही. मग ४०० मीटरमध्ये सुवर्ण. पण त्याच्याकडे ४०० मीटर होतं. या मुलाकडे दुसरं काय होतं?

---

पिंपळपार (शुक्रवार, सकाळी १०:४५)

गोदाकाठ, तीच तर गंमत. बारावीसाठी त्याने शाळा बदलली. कुठे गेला असेल? टाकोमा अकॅडमी, वॉशिंग्टनला खेटून असलेल्या टाकोमा पार्कात. शाळा ख्रिस्ती! 'सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट' पंथाची. हा पंथ रविवार नाही, शनिवार पाळतो. शुक्रवारी संध्याकाळपासून त्यांचंही सगळं बंद. म्हणजे संघाचं वेळापत्रक त्याला आयतंच बसलं. बाल्टिमोरपासून तासाभराचा रस्ता, पण शुक्रवार-शनिवारचा घोर मिटला.

कर्मठ ज्यू घरातला मुलगा ख्रिस्ती शाळेत पाठवताना त्या घरात किती चर्चा झाली असेल याची कल्पना करतोय.

---

औंधकर (शुक्रवार, सकाळी ११:२०)

पुणेकरांना हे लगेच कळेल. आमचं स्पायसर कॉलेज त्याच पंथाचं! शनिवारी सामसूम आणि रविवारी वर्ग सुरू. लहानपणी आम्हाला वाटायचं यांचं कॅलेंडर चुकलंय.

---

अश्दोदकर (शुक्रवार, दुपारी ३:१०)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचक आहे, आज राहवलं नाही. मी बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातली ज्यू. माहेर ठाण्याचं, मूळ गाव अलिबागेजवळ नवगाव, आता इस्रायलमधल्या अश्दोदला. आडनाव सांगत नाही, पण शेवटी 'कर' आहेच.

हा प्रश्न आपल्या कोकणात कितीतरी जुना आहे. आमचे पूर्वज रायगडच्या किनाऱ्यावर तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बैल सोडून ठेवायचे. म्हणून गावाने नाव ठेवलं 'शनिवार तेली'. बाकीचे तेली सोमवारी घाणा बंद ठेवत, ते 'सोमवार तेली'. कुणी खटला केला नाही, कुणी लेख छापला नाही. गिऱ्हाईक शुक्रवारी तेल नेऊन ठेवायचं, संपला विषय. घाणा आपला होता म्हणून ते जमलं.

मुंबईला येऊन सरकारी नोकऱ्या आणि गिरण्या धरल्या तेव्हा घाणा दुसऱ्याचा झाला. मग कितीजण शनिवारी कामाला गेले, ते आमच्या घरात उघड बोललं जातं.

माझंच सांगते. सातवीत असताना शाळेने चित्रकलेची परीक्षा शनिवारी ठेवली. बाबा जाऊन बोलले. एका मुलीसाठी तारीख बदलता येणार नाही, असं उत्तर मिळालं. मी परीक्षा दिली. घरी कुणी रागावलं नाही. आजीने संध्याकाळी फक्त विचारलं, काय काढलंस गं? मी म्हटलं, बाजाराचं दृश्य. बस, एवढंच. पण ते दृश्य मला आजही रेघेन् रेघ आठवतं, त्याआधीचं नि नंतरचं एकही नाही.

म्हणून पिंपळपारभाऊ, तुम्ही "घे शिष्यवृत्ती" म्हटलं असतंत, माझ्या बाबांनीही तेच केलं. चूक म्हणत नाही. त्या पोराला नाही म्हणता आलं ते त्याच्या एकट्याच्या बळावर नाही एवढंच सांगते. बाल्टिमोरच्या त्या पार्क हाइट्स भागात सगळी गल्लीच शनिवारी थांबते. तिथे खेळायला गेला असता तर लोकांनी विचारलं असतं. मी परीक्षेला गेले तेव्हा आमच्या इमारतीत कुणाच्या लक्षातही आलं नाही.

---

मृदुला_वि (शुक्रवार, दुपारी ३:४०)

अश्दोदकर ताई, लिहीत राहा हो. बाजाराचं दृश्य वाचून गलबललं.

शंका क्रमांक दोन : त्या टोपीला नेमकं काय लावतात?

आणि मुली? या सगळ्यात मुली कुठे आहेत?

---

नागपाड्याचा_गार्ड (शुक्रवार, संध्याकाळी ५:३०)

मृदुलाताई, मुलींमध्ये एकच नाव घेतो, नॅन्सी लीबरमन. न्यूयॉर्कच्या फार रॉकअवेमधली ज्यू मुलगी. शाळेत असताना संध्याकाळी एकटी ट्रेन पकडून हार्लेमला जायची, रकर पार्कात पोरांशी खेळायला. तो काळ सत्तरच्या दशकाचा, आणि रकर पार्क म्हणजे भल्याभल्यांना घाम फुटायची जागा. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या रौप्यविजेत्या संघात ती होती, वय अठरा. तिच्या कथेत शनिवारचा पेच नाही, घरातून खेळायला जाऊ देण्याचाच होता.

आणि काका, "ज्यू नसता तर लेख छापला असता का" यावर. साठ वर्षं आधी नसता छापला, कारण तेव्हा नवल नव्हतं. १९३० च्या दशकात अमेरिकेतला बास्केटबॉल हा ज्यू पोरांचाच खेळ होता म्हणा ना. दाटीवाटीच्या वस्त्या, मैदानाला जागा नाही, एक चेंडू आणि एक कडं पुरे. मुंबईत गल्ली क्रिकेट वाढलं त्याच कारणाने. फिलाडेल्फियाचा 'स्फाज' संघ बनियनवर हिब्रू अक्षरं लावून खेळायचा, ब्रॉडवुड हॉटेलच्या बॉलरूममध्ये. सामना संपला की त्याच लाकडी फरशीवर नाच, आणि त्यांचा एक खेळाडू, गिल फिच, कपडे बदलून बँड चालवायचा! पुढे जी एनबीए (अमेरिकेतली सर्वांत मोठी व्यावसायिक लीग) झाली, तिच्या पहिल्या सामन्यातली पहिली बास्केट ओसी शेक्टमनची, १ नोव्हेंबर १९४६, टोरांटो. तोही ब्रुकलिनच्या ज्यू वस्तीतला. मग लोक उपनगरांत गेले, पोरं डॉक्टर-वकील झाली, वस्त्यांत नवे लोक आले आणि खेळ त्यांचा झाला. १९९९ पर्यंत अशी वेळ आली की ज्यू पोरगा डंक मारतो ही बातमी झाली.

सँडी कूफॅक्स तर बेसबॉलवालेच ओळखतात, पण ब्रुकलिनच्या लाफायेट हायस्कूलमध्ये त्याचा खरा बोलबाला बास्केटबॉलमध्ये होता. १९६५ मध्ये योम किप्पुरला, म्हणजे त्यांच्या सर्वांत मोठ्या उपवासाच्या दिवशी, त्याने वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा, पहिला सामना सोडला. मात्र वर्षातला एक दिवस सोडणं वेगळं आणि दर आठवड्याला एक सोडणं वेगळं.

---

तिखटमीठ (शुक्रवार, संध्याकाळी ६:०५)

सामन्यानंतर बँड वाजवणारा खेळाडू! आमच्या संघात सामन्यानंतर चहाचे पैसे देणारासुद्धा मिळत नव्हता.

---

अश्दोदकर (शुक्रवार, संध्याकाळी ६:२०)

मृदुलाताई, टोपीचं उद्या रात्री सांगते. आता फोन ठेवायची वेळ झाली. शब्बाथ शालोम.

---

खडूस_काका (शुक्रवार, रात्री ९:१५)

आता मुद्द्याचं. मेरीलँड त्याच्याशिवाय २००२ मध्ये राष्ट्रीय विजेते झाले. अंतिम सामन्यात इंडियानाला ६४-५२ ने हरवलं. तामिर असता तर दुसऱ्या वर्षात असता. आणि उपान्त्य सामना, कॅन्ससविरुद्धचा, ३० मार्च २००२. वार बघा कुठला. शनिवार! म्हणजे ऐन उपान्त्य सामन्यात संघाने बिनगार्डचं खेळायचं?

---

शून्यप्रहर (शुक्रवार, रात्री ९:५०)

काका, घाई झाली. त्या दिवशी दोन सामने होते आणि मेरीलँडचा दुसरा, रात्रीचा. अटलांटात मार्चअखेरीला सातच्या आत सूर्य मावळायचा. तीन चांदण्या दिसून, प्रार्थना उरकून, बूट बांधायला वेळ होता.

---

खडूस_काका (शुक्रवार, रात्री ९:५८)

बरं बरं. छापलं तर छापा, "काका पडले" म्हणून.

---

गोदाकाठ (शनिवार, सकाळी ८:३०)

पुढे काय झालं त्याचं? ते कुणी लिहिलंच नाही.

---

पिंपळपार (शनिवार, सकाळी ९:१५)

थोडक्यात लिहितो, कारण धागा शाळेच्या दिवसांचा आहे. टाउसन विद्यापीठ, इथे बाल्टिमोरलाच. छोटं नाव, पण त्यांनी पूर्ण शिष्यवृत्ती दिली आणि शब्बाथ सांभाळून वेळापत्रक लावलं. किप्पा घालून पहिल्या वर्षापासून खेळला. दुसऱ्या मोसमात प्रशिक्षक बदलले, बिनसलं, त्याने संघ सोडला. २००२ मध्ये मक्काबी तेल अवीव या इस्रायली क्लबशी करार झाला, खेळला मात्र जास्त छोट्या क्लबांकडून. इस्रायली सैन्यात सेवा, दुखापती, २००९ मध्ये निवृत्ती. एनबीए नाही. डिस्लेक्सिया होता हे त्याने स्वतःच नंतर सांगितलंय. अर्धा दिवस तालमूदच्या बारीक अक्षरात काढणारा मुलगा आणि डिस्लेक्सिया, कोर्टवर त्याला किती मोकळं वाटत असेल.

आज शनिवार. सकाळी दूध आणायला गेलो तेव्हा पार्क हाइट्स रस्त्याने सगळी कुटुंबं चालत निघालेली, बाबागाड्या घेऊन. इतकी वर्षं बघतोय, आज पहिल्यांदा गाडीचा वेग कमी केला.

---

औंधकर (शनिवार, दुपारी १:००)

वेळापत्रक बदलल्याची अलीकडची गोष्ट. ह्यूस्टनच्या बेरेन अकॅडमी या ज्यू शाळेचा संघ २०१२ मध्ये टेक्सासमधल्या खासगी शाळांच्या स्पर्धेत उपान्त्य फेरीत पोहोचला. सामना शुक्रवारी रात्री. संघटना आधी अडून बसली. पालक कोर्टात गेले, बोभाटा झाला, आणि सामना शुक्रवारी दुपारी आणला. पोरं जिंकली. अंतिम सामना शनिवारी रात्री, तो ४६-४२ ने गेला. चार गुणांनी हो!

---

अश्दोदकर (शनिवार, रात्री ११:३०)

आले. शावुआ तोव, म्हणजे आठवडा चांगला जावो.

मृदुलाताई, टोपीचं. साध्या केसांच्या क्लिपा, टिचकी मारली की बसणाऱ्या, दोन बाजूंना दोन. माझा नातू फुटबॉल खेळतो तेव्हा चार लावतो. केस एकदम बारीक कापले की क्लिप धरत नाही, मग कपडे चिकटवायची दुहेरी पट्टी. जोरात धावताना टोपी मागे सरकते आणि पोरं एका हाताने सारखी करतात. चेंडू हातात असताना ते कसं करत असतील, हे मात्र नागपाड्याच्या भाऊंनी सांगावं.

---

नागपाड्याचा_गार्ड (रविवार, सकाळी ८:१०)

ताई, सोपं आहे. ड्रिबल उजव्या हाताने चालू असतं तेव्हा डावा मोकळाच असतो. पण आमचे सर त्या हाताने समोरच्याला अडवायला शिकवायचे. त्या पोराला दोन्ही कामं करावी लागली असतील.

---

तिखटमीठ (रविवार, सकाळी ९:००)

अवांतर : अश्दोदकर ताई, तुमच्या समाजात मलिदा करतात ना? एकदा अलिबागेला खाल्ला होता, पोहे, खोबरं आणि गूळ. पाककृती द्या की.

---

अश्दोदकर (रविवार, सकाळी ९:४५)

देते. पण इथे नको, पिंपळपारभाऊंचा धागा भरकटेल. पाककृतींच्या विभागात वेगळा काढते. पोहे जाड घ्यायचे की पातळ यावर आमच्या घरातच दोन पक्ष आहेत, आधी बहिणीला फोन करते.